आधी पाहावे, मग बोलावे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बडोदे येथे योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी भाषणे होतात ती बहुधा कौतुकाची असतात, आणि ते योग्यच आहे. पन्नास वर्षे एखादी संस्था लोकांच्या मुलांची फी भरीत राहते, तेव्हा तिचे कौतुक करावयाचे नाही तर कोणाचे? परंतु या ट्रस्टच्या पैशांतून चालणाऱ्या रविवारच्या इंग्रजीच्या वर्गाला आम्ही आज काही वर्षे शिकवीत आहो, आणि त्या वर्गात आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक कशी झाली आणि तिच्यातून आम्ही काय शिकलो, हे सांगणे आम्हांस कौतुकाच्या भाषणापेक्षा अधिक उपयोगाचे वाटते. पैसे आपले होते. हिशेबही आपल्यापुढेच ठेवला पाहिजे.

आपल्या मुलांपैकी पुष्कळजण परदेशी शिकावयास अगर नोकरीस जाऊ इच्छितात. त्यांना आयईएलटीएस नावाची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते हे येथे बहुतेक घरांत ठाऊक आहे. एवढेच नव्हे, तर तिची फी किती असते हेही घरोघरच्या वडिलांना तोंडपाठ आहे. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग. त्यांतील बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा. परीक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर बसतात आणि सारे संभाषण ध्वनिमुद्रित होते. आरंभी चार-पाच मिनिटे घर, गाव, आवडीनिवडी यांविषयी साधी विचारपूस होते. मग विद्यार्थ्याच्या हाती एक कार्ड देतात. त्यावर एक विषय आणि त्याखाली तीन-चार मुद्दे असतात. विचार करावयास एक मिनिट, आणि मग एक ते दोन मिनिटे एकट्याने बोलावयाचे. शेवटी त्याच विषयाच्या अनुषंगाने चार-पाच मिनिटे चर्चा होते.

या कार्डांवर अनेकदा येणारा एक विषय म्हणजे संग्रहालय. ‘तुम्ही पाहिलेल्या एखाद्या संग्रहालयाविषयी सांगा. ते कोठे आहे, तुम्ही केव्हा गेलात, तेथे काय पाहिले, आणि ती भेट तुम्हांला कशी वाटली?’ प्रश्न वाचताना सोपा वाटतो. परंतु या एका प्रश्नाने जेवढी मुले गप्प बसतात तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने बसत असतील. आईविषयी, मित्राविषयी, आवडत्या सणाविषयी कोणीही चार वाक्ये बोलतो. संग्रहालय म्हटले की मुलांच्या तोंडून एकच वाक्य निघते, ‘संग्रहालये आपल्या संस्कृतीचा ठेवा जतन करतात’; आणि ते वाक्य संपले की सारेच संपते.

म्हणून आम्ही मास्तरांनी काय केले? जे मास्तर नेहमी करतात तेच केले. चाळीस विषयांची चाळीस उत्तरे स्वतः लिहून काढली, त्यांच्या प्रती काढल्या आणि वर्गातल्या अकरा जणांना वाटल्या. संग्रहालयासाठी आम्ही निवडले हैदराबादचे सालारजंग म्युझियम. आम्ही ते तरुणपणी पाहिले होते आणि त्याविषयी लिहिण्यासारखे खूप होते. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, हे १८८९ साली जन्मले आणि १९४९ साली निवर्तले. काही काळ ते निजामाचे दिवाण होते. त्यांच्या घराण्याने जमविलेल्या वस्तूंचे हे संग्रहालय १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उघडले आणि १९६८ साली मुसी नदीच्या काठच्या आजच्या इमारतीत आले. तेथे बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने घडविलेली रिबेकेची संगमरवरी मूर्ती आहे. तिच्या चेहऱ्यावरचा बुरखाही दगडाचाच, पण त्यातून चेहरा दिसतो असा भास होतो. तेथे एक वाद्यघड्याळ आहे. दर तासाला त्यातून एक लहानसा पुतळा बाहेर येतो आणि टोले देतो. ते पाहावयास लोक आधीपासून जागा धरून उभे राहतात. हे सारे आम्ही सुरेख इंग्रजीत गुंफले. ते उत्तर वाचून आमचे आम्हांलाच बरे वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

त्या अकरा जणांत एक मुलगी होती. नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केलेली, कष्टाळू, घरची जबाबदारी अंगावर असलेली. तिला इंग्लंडात नोकरीस जावयाचे होते. तेथे नर्स म्हणून नोंदणी व्हावयाची तर या परीक्षेच्या मार्गाने बोलण्याच्या भागात सातचा टप्पा गाठावा लागतो. तिची फी ट्रस्टच्या शिक्षणनिधीतून भरली होती. तिला कार्ड आले ते नेमके संग्रहालयाचे. तिने आमचे उत्तर जवळजवळ जसेच्या तसे म्हटले. निकाल आला तेव्हा ऐकणे आणि वाचणे यांत ती वर होती, बोलण्यात साडेपाच.

निकालाचा कागद घेऊन ती सभागृहात आली. आम्हांस वाटले, रडेल. ती रडली नाही. म्हणाली, “सर, मी बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, त्या घड्याळाजवळ तुमच्याबरोबर कोण होतं? मला काही सुचलंच नाही. मी पुढचंच पाठ केलेलं वाक्य म्हटलं. तिथं मी गेलेच नव्हते ना, सर. हैदराबादसुद्धा मी पाहिलेलं नाही.”

ते वाक्य आम्हांस अजून आठवते.

येथे कोणी म्हणेल, परीक्षक काही पोलीस नव्हे. तुम्ही खरोखर हैदराबादला गेला होता की नाही हे तो तपासत नाही. हे खरे आहे. या परीक्षेत गुण मिळतात ते चार गोष्टींना: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणातील विविधता आणि अचूकपणा, आणि उच्चार. चारींना सारखेच वजन असते. माहिती खरी की खोटी यास गुण नाहीत. ज्याची कल्पनाशक्ती तल्लख आहे तो न पाहिलेल्या गावाचेही वर्णन करील आणि उत्तीर्ण होईल. परंतु साधारण मुलाचे काय? परक्या भाषेत शब्द शोधणे हे एक ओझे. न घडलेली गोष्ट त्याच क्षणी रचणे हे दुसरे. दोन्ही ओझी एकाच डोक्यावर आली की पाय अडखळतात. पाठ केलेल्या उत्तराने पहिली दोन मिनिटे निभावतात. परंतु पाठ केलेली भाषा आणि बोलण्याची भाषा यांतील फरक जाणत्या कानाला लगेच कळतो. आवाज एका पट्टीत चालतो, श्वास नको तेथे तुटतो, आणि एक साधा प्रश्न येताच घोडे पेंड खाते. आम्ही त्या मुलीला शिडी म्हणून जी वस्तू दिली, ती शिडीचे चित्र होती.

आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. आम्ही तिला विचारले, “तू कमाटीबागेतला अजबखाना कधी पाहिलास?” ती म्हणाली, “चौथीत असताना, शाळेच्या सहलीत.” तिच्या घरापासून कमाटीबाग चालत पंधरा मिनिटांवर. मग आम्ही मनाशीच विचारले, आपण केव्हा गेलो होतो? नऊ वर्षे झाली होती. जे मास्तर मुलांना पाचशे मैलांपलीकडच्या संग्रहालयाचे वर्णन पाठ करावयास देतात, त्यांना आपल्याच गावच्या संग्रहालयाचे दार नऊ वर्षांत दिसले नव्हते.

पुढच्याच रविवारी वर्ग सभागृहात भरला नाही, कमाटीबागेत भरला.

ज्यांनी हे संग्रहालय उभारले त्यांची गोष्ट बडोदेकरांना नवी नाही, पण भाषा शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ती पुन्हा ऐकण्यासारखी आहे. सयाजीराव महाराज हे मूळ नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे, शेतकरी कुटुंबातले. १८७५ साली ते दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या वयात अक्षरओळखीपासून आरंभ करून ते मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकले. तोच मुलगा पुढे युरोपात हिंडला, राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करता झाला, आणि त्याने गावाला एक संग्रहालय दिले. इमारत १८९४ साली पुरी झाली. शेजारच्या चित्रशाळेची इमारत १९१४ साली तयार होती, परंतु महायुद्धामुळे युरोपातील चित्रे येण्यास विलंब झाला आणि ती १९२१ साली उघडली. ज्या रयतेला परदेश पाहणे शक्य नव्हते तिच्यासाठी परदेशच गावात आणून ठेवावा, असा त्यात हेतू असावा असे आम्हांस वाटते. मिसरची ममी, तिबेट आणि जपान येथील वस्तू, युरोपीय तैलचित्रे हे सारे एका बागेत, नदीच्या काठी, आपल्या पायांखालच्या वाटेवर आहे.

त्या दिवशी आम्ही मुलांना माहिती सांगितली नाही. एकच काम दिले. आत जा, सारे दालन पालथे घालू नका; एक वस्तू निवडा. तिच्यापुढे दहा मिनिटे उभे राहा. फोटो काढू नका, काही लिहू नका. नुसते पाहा. मग बाहेर येऊन झाडाखाली बसा आणि शेजारच्याला सांगा. इंग्रजीत नव्हे, घरी ज्या भाषेत बोलता त्या भाषेत.

ही युक्ती आमची नव्हे, आमच्या अम्मीची. आमच्या घरात उर्दू, शाळेत मराठी आणि रस्त्यावर गुजराती, असे आमचे बालपण गेले. कोठूनही घरी आलो, मग ते लग्न असो, उरूस असो, शाळेची सहल असो, की अम्मी चूल न सोडता विचारी, “काय काय पाहिलंस ते सांग.” ‘अच्छा था’ असे म्हटले तर चालत नसे. ती म्हणे, “अच्छा ते नंतर. आधी काय होतं ते सांग.” शाळा तिने फार पाहिली नव्हती, परंतु कार्डावरचे चार प्रश्न ती आम्हांस रोज विचारीत होती, आणि त्याच क्रमाने. कोठे, केव्हा, काय पाहिले. आणि कसे वाटले हे सर्वांत शेवटी.

तर त्या दिवशी झाडाखाली काय घडले ते ऐका. एका मुलाने अकोट्याच्या कांस्यमूर्तींपैकी एक निवडली होती. अकोटा म्हणजे आज आपल्या शहरातच सामावलेले गाव. तेथे १९५१ साली जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा हाती आला आणि पुढे डॉ. उमाकांत शहा यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. त्या मुलाला यांतले काही ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “त्या मूर्तीचा चेहरा झिजलाय. कोणीतरी खूप वर्षं रोज हात लावला असणार.” आम्ही त्यास म्हटले, हेच वाक्य आता इंग्रजीत सांग. त्याने सांगितले, दोन चुका केल्या, परंतु थांबला नाही. थांबेल कसा? तो चेहरा अजून त्याच्या डोळ्यांपुढे होता.

आमच्या नर्सबाई आपल्या धाकट्या भावाला बरोबर घेऊन आल्या होत्या. त्या दोघांनी निवडला देवमाशाचा सांगाडा. हा मासा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी लागला होता. भाऊ सांगाड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले मोजीत गेला आणि मग बहिणीला म्हणाला, “ताई, आपली खोली याच्या पोटात मावेल.” ती हसली. मग गंभीर झाली आणि म्हणाली, “सर, मी रोज हाडांचीच नावं पाठ करते. पण एवढ्या मोठ्या जनावराच्या फासळ्याही माणसासारख्याच रांगेत असतात, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.” आम्ही म्हटले, “बाई, हेच तुझे उत्तर. हे आम्ही लिहून देऊ शकलो नसतो.”

आता परीक्षेस बसणाऱ्या मुलांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. वडील मंडळींनी क्षमा करावी.

पहिली गोष्ट, ते एक मिनिट. त्यात वाक्ये लिहू नयेत. चार-पाच शब्द टिपावेत आणि तेही वस्तूंचे: ‘भाऊ, पावले, फासळ्या, खोली’. वाक्य लिहिले की आपण ते वाचू लागतो. शब्द लिहिला की आपण बोलू लागतो.

दुसरी गोष्ट, काळ. संग्रहालय आजही बागेत उभे आहे, म्हणून त्याचे वर्णन वर्तमानकाळात. आपण गेलो, पाहिले, थकलो ते भूतकाळात. ‘मी तेथे दोनदा जाऊन आलो आहे’ हे पूर्ण वर्तमानकाळात. एकाच गोष्टीत तीन काळ आपोआप येतात, आणि व्याकरणाच्या विविधतेचे गुण हेच असतात. त्यासाठी अवघड वाक्ये शोधावी लागत नाहीत. गोष्ट खरी असली की काळ आपापल्या जागी येऊन बसतात.

तिसरी गोष्ट, उच्चार. ‘म्युझियम’ हा शब्द आपण सपाट म्हणतो किंवा पहिल्या अक्षरावर जोर देतो. इंग्रजीत जोर मधल्या ‘झी’वर येतो. ‘एक्झिबिट’ या शब्दात लिहिताना एच असतो, बोलताना तो मुका राहतो. आणि आपल्याला एकच ‘व’ ठाऊक असल्यामुळे ‘व्हिजिट’ आणि ‘वेन्ट’ यांची सुरुवात आपण सारखीच करतो. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, दुसऱ्यात ओठांचा चंबू झाला पाहिजे. आरशापुढे उभे राहून हे आठ दिवस करावे. घरच्यांनी हसू नये. हसलेच तर त्यांनाही करावयास लावावे.

चौथी गोष्ट, शेवटची चर्चा. संग्रहालये फुकट असावीत काय? परदेशी गेलेल्या जुन्या वस्तू परत द्याव्यात काय? घरबसल्या पडद्यावर सारे दिसू लागल्यावर संग्रहालयांची गरज राहील काय? येथे मुले एका शब्दात उत्तर देतात, ‘होय’ किंवा ‘नाही’. परीक्षकाला तुमचा निकाल नको असतो, तुमचा विचार कसा चालतो ते ऐकावयाचे असते. त्यासाठी एखादे खरे उदाहरण गाठीस हवे. इंग्लंडातील राष्ट्रीय संग्रहालयांत डिसेंबर २००१ पासून कायम संग्रह पाहावयास पैसे पडत नाहीत. मग ती चालतात कोणाच्या पैशांवर, आणि फुकट झाल्याने गरीब माणूस खरोखर आत शिरतो काय, असा प्रश्न पुढे करता येतो.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जिव्हाळ्याचे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली, तीन वर्षांच्या कराराने. ती ग्रँट डफ यांच्याकडे होती, आणि ती शिवाजी महाराजांचीच असे परंपरेने मानले जाते. परंतु अफझलखानाच्या भेटीत वापरलेली नखे हीच काय, याची खात्री देता येत नाही, असे त्या लंडनच्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. मुलांनो, येथे इंग्रजीचा एक उत्तम धडा आहे. ‘ही आहेत’ आणि ‘ही आहेत असे मानतात’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. दुसरे वाक्य ज्याला नीट बोलता येते त्याला परीक्षेत गुण मिळतात हे तर खरेच. परंतु ज्याला त्या दोन वाक्यांतील अंतर कळते तो माणूसही शहाणा होतो. आदर कमी न करता खात्री आणि श्रद्धा यांची गफलत होऊ न देणे, हे चांगले संग्रहालय पाहणाऱ्याला शिकविते.

असो. त्या मुलीचे पुढे काय झाले हे आपल्या मनात आले असेल. दुसऱ्या खेपेला तिने फी स्वतः भरली. ट्रस्टकडे दुसऱ्यांदा मागावयास ती तयार नव्हती, आणि आमच्या चुकीचे पैसे आम्हांस भरू देण्यासही ती तयार झाली नाही. गंमत अशी की त्या वेळी कार्डावर संग्रहालय आलेच नाही. विषय होता ‘लहान मुलाबरोबर घालविलेला एखादा दिवस’. ती कमाटीबागेतला तो रविवार सांगत सुटली. परीक्षकाने मध्ये विचारले, भावाने मोजलेली पावले किती भरली? तिने आकडा सांगितला आणि म्हणाली, “पण त्याची पावलं लहान आहेत.” बोलण्यात तिला सात मिळाले. लिहिण्यात मात्र ती अर्ध्या गुणाने राहिली आणि तिसऱ्यांदा बसावे लागले. खोटे कशाला सांगावे? एका रविवारने सारे साधत नाही. आज ती इंग्लंडात एका रुग्णालयात काम करते. मागे तिचा फोन आला होता. म्हणाली, “सर, इथं वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका मला विचारतात, तुझ्या गावात पाहण्यासारखं काय आहे? मी त्यांना देवमासा सांगते.” परीक्षा संपली, प्रश्न संपला नाही. परक्या मुलखात हा प्रश्न माणसाला जन्मभर विचारला जातो, आणि त्याला पाठ केलेले उत्तर पुरत नाही.

शेवटी एका शब्दाविषयी बोलतो. ‘म्युझियम’ हा शब्द ग्रीक. कलांच्या देवतांचे स्थान असा त्याचा मूळ अर्थ. कलकत्त्याचे १८१४ साली स्थापन झालेले संग्रहालय लोक जादूघर म्हणून ओळखतात. आपल्या वाडवडिलांचा शब्द होता अजबखाना. ‘अजब’ हा अरबी शब्द, ‘खाना’ फारसी, आणि दोहोंचा संसार मराठीत. आता आपण ‘संग्रहालय’ म्हणतो. शब्द शुद्ध आहे, पण त्याचा अर्थ वस्तू ठेवण्याची जागा एवढाच होतो. अजबखाना या शब्दात पाहणारा माणूसही आहे, कारण त्याला नवल वाटल्याखेरीज वस्तू अजब होत नाही. आमच्या मुलांना इंग्रजी कमी येते हे खरे. परंतु त्याहून मोठी उणीव ही की त्यांना नवल वाटेपर्यंत उभे राहावयास कोणी वेळच देत नाही. ज्याला नवल वाटले आहे त्याला बोलावेसे वाटते, आणि ज्याला बोलावेसे वाटते तो आज ना उद्या शब्द मिळवितो.

अजबखाना बागेतच असतो असेही नाही. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते पाहावयास लोक लांबून येतात. तसा अडकित्ता, तसे पानदान, तशी समई आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर असेल. घरातील वृद्धांनी ती खाली उतरवावी, ती कोणाची, कोठून आली ते नातवंडांस सांगावे, आणि मग त्यांच्याकडून परत ऐकावे. आधी आपल्या भाषेत, मग इंग्रजीत.

विश्वस्त मंडळींना आमची एक विनंती आहे. शिक्षणनिधीतून दरवर्षी परीक्षेची मार्गदर्शक पुस्तके घेतली जातात. ती थोडी कमी घ्यावीत, आणि त्या पैशांतून वर्षातून चार रविवार मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना संग्रहालय पाहावयास न्यावे: एकदा कमाटीबागेत, एकदा फत्तेसिंग संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे पाहावयास, आणि दोनदा मुले म्हणतील तेथे. मास्तर फुकट मिळेल, आम्ही येऊ. मात्र त्या दिवशी मुलगा घरी परतला की त्याला ‘मजा आली का?’ असे विचारू नका. ‘काय पाहिलेस?’ असे विचारा, आणि त्याचे सांगून होईपर्यंत दुसरे काही काम हाती घेऊ नका.

ती चाळीस उत्तरांची प्रत अजून आमच्या कपाटात आहे. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर आता मुले आपापले चार-चार शब्द टिपतात. कागद वाया जाऊ नये ही या ट्रस्टचीच शिकवण.